मेंदूच्या शोधाचा खर्च कुणी उचलायचा?

गेल्या वेळी आपण फिट म्हणजे काय, ती का येते, हे पाहिलं. व्याख्यान संपल्यावर एक ताई थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, तीन प्रकारच्या गोळ्या चालू, तरी महिन्याला चार-पाच फिट्स. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ऑपरेशन असतं म्हणता, मग ते इतक्या थोड्या लोकांचंच का होतं?" मी तेव्हा काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. घरी जाऊन विचार केला, तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाचं खरं उत्तर मेंदूत नाही, पैशात आहे. म्हणून आजचा विषय मी थोडा बदलला आहे. आज मेंदूबद्दल बोलूच, पण मुख्यतः बोलणार आहे ते अशा सर्जनबद्दल, जो फिट्सवर संशोधन करतो, मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून तो कसा चालतो हे बघतो. आणि त्याला हे करायला पैसे कोण देतं, याबद्दल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी सर्जन नाही. मी ईईजी वाचणारा माणूस. म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसून "इथे काप, तिथे नको" असं सांगणाऱ्यांपैकी. सर्जन लोक आम्हाला त्याबद्दल बोलतात ते इथे सांगत नाही.

अपस्माराचे रुग्ण जगात साधारण पाच कोटी आहेत. त्यातल्या दोन तृतीयांश लोकांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्या एक तृतीयांश लोकांच्या येत नाहीत. त्यांच्यापैकी काही जणांच्या मेंदूत एक ठरावीक जागा बिघडलेली असते. जुनी जखम, जन्मतः राहिलेला दोष, छोटी गाठ. फिट तिथून सुरू होते आणि पसरते. ती जागा काढली तर फिट थांबू शकते. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी, की त्या जागेच्या शेजारीच बोलण्याचं केंद्र असेल तर? हात हलवण्याचं असेल तर? कवटी उघडल्यावर मेंदू सगळा सारखाच दिसतो. त्यावर पाट्या लावलेल्या नसतात.

म्हणून विजेचा स्पर्श. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, कारण त्यात वेदनेचे ग्राहक नसतात. डोक्याची कातडी बधिर केली की रुग्ण जागा राहू शकतो, बोलू शकतो. मग बारीक इलेक्ट्रोडने एकेका जागी सौम्य प्रवाह द्यायचा आणि बघायचं. अंगठा हलला? जिभेला मुंग्या आल्या? मोजता मोजता बोलणं थांबलं? म्हणजे ही जागा सोडून द्यायची. आणि कधी असंही होतं की रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, फिट यायच्या आधी होतं ना, तसंच आत्ता वाटतंय." तीच ती जागा. उपचार आणि संशोधन इथे एकाच क्षणी, एकाच हाताने होतं. हे लक्षात ठेवा, कारण पैशाचा सगळा गोंधळ याच्यातूनच निघतो. उपचाराचे पैसे कुणी तरी देतं. पण त्या वेळी जे समजलं ते नोंदवायचे, तपासायचे, दहा वर्षं जपून ठेवायचे पैसे कोण देणार?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माँट्रियलचं आहे, आणि ते मी जरा सविस्तर सांगणार आहे.

वाइल्डर पेनफिल्ड. जन्म १८९१, अमेरिकेत. ऑक्सफर्डला शेरिंग्टन यांच्याकडे शिकले, जॉन्स हॉपकिन्सला डॉक्टर झाले, न्यूयॉर्कमध्ये सर्जन म्हणून काम केलं. १९२४ मध्ये ते माद्रिदला गेले, पिओ देल रिओ ओर्तेगा यांच्याकडे, मेंदूतल्या आधारपेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली कशा बघायच्या ते शिकायला. तिथे त्यांनी ऑलिगोडेंड्रोग्लिया नावाच्या पेशींचा अभ्यास केला. तेव्हा हा निव्वळ कुतूहलाचा विषय होता. कुणी विचारलं असतं की याचा रुग्णाला उपयोग काय, तर उत्तर देणं अवघड होतं.

१९२८ मध्ये ते दोन महत्त्वाच्या जागी गेले. पहिली ब्रेस्लाऊ, तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ. तिथे ओटफ्रिड फोरस्टर नावाचे डॉक्टर पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर ऑपरेशन करत होते. जखमेचा व्रण आणि त्यातून येणाऱ्या फिट्स. फोरस्टर रुग्णाला जागं ठेवायचे, विजेने तपासायचे आणि व्रण काढायचे. पेनफिल्ड हे शिकले. दुसरी जागा माँट्रियल. मॅकगिल विद्यापीठ आणि रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल यांनी त्यांना बोलावलं. सोबत त्यांचे सहकारी विल्यम कोन.

आणि माँट्रियलला पोचून थोडे महिने होतात तोच, त्यांची सख्खी बहीण रूथ रुग्ण म्हणून आली. तिला लहानपणापासून फिट्स यायच्या. आता डोकेदुखी वाढली होती, दृष्टी जाऊ लागली होती. डिसेंबर १९२८ मध्ये पेनफिल्ड यांनी स्वतः तिचं ऑपरेशन केलं. उजव्या बाजूच्या कपाळामागचा मेंदूचा मोठा भाग गाठीसकट काढावा लागला, तरी गाठ पूर्ण निघाली नाही. ती गाठ कसली होती? ऑलिगोडेंड्रोग्लिओमा. म्हणजे माद्रिदमध्ये ज्या पेशींकडे ते कुतूहलाने बघत बसले होते, त्याच पेशींची.

रूथ बरी होऊन घरी गेली. सहा मुलांची आई होती. बोलणं नीट, आठवण नीट, स्वभाव गोड. साधारण सव्वा वर्षानंतर तिने भावाला आणि घरच्या चौघांना जेवायला वाढायचं ठरवलं. साधं जेवण. वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. सामान सगळं समोर होतं, एक-दोन गोष्टी चुलीवर होत्या, पण मांस शिजायला टाकलेलंच नव्हतं, सॅलड झालेलं नव्हतं. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे तिला लावता येईना. बाकी सगळं शाबूत आणि फक्त बेत आखण्याची शक्ती गेलेली. आपल्याकडे चार पाहुण्यांचा स्वयंपाक एकटीने काढणाऱ्या बाईला आपण "त्यात काय मोठं" म्हणतो. त्यात काय मोठं आहे ते रूथच्या स्वयंपाकघरात दिसलं. १९३१ मध्ये ती गेली. १९३५ मध्ये पेनफिल्ड यांनी जोसेफ इव्हान्स यांच्याबरोबर तिच्यासह काही रुग्णांवर शोधनिबंध लिहिला, आणि कपाळामागच्या मेंदूच्या अभ्यासात तो आजही सांगितला जातो.

मी ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणण्यासाठी सांगत नाही. पेनफिल्ड यांना पैसे कशासाठी हवे होते ते यावरून कळतं. त्यांचं म्हणणं असं होतं की एकटा सर्जन, मग तो कितीही हुशार असो, इथे पुरत नाही. शेजारी पेशी बघणारा हवा, मज्जातज्ज्ञ हवा, शरीरक्रिया जाणणारा हवा, मनाची चाचणी घेणारा हवा, आणि हे सगळे एकाच छताखाली हवेत. रुग्णाच्या खाटेपासून प्रयोगशाळेपर्यंत चालत जाता आलं पाहिजे. अशी संस्था उभी करायची तर इमारत लागते, पगार लागतात. विद्यापीठाकडे पैसे नव्हते.

त्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर फाउंडेशनकडे अर्ज केला. तिथे वैद्यकीय विभागाचे प्रमुख रिचर्ड पिअर्स होते. १९३० मध्ये पिअर्स वारले आणि विषय तिथेच थांबला. संशोधनाचा पैसा म्हटला की आपल्याला समित्या आणि नियम आठवतात. प्रत्यक्षात कधी कधी एक माणूस असतो, आणि तो गेला की फाइल बंद होते. पिअर्स यांच्या जागी अ‍ॅलन ग्रेग आले. ग्रेग यांना मज्जासंस्था आणि मनोविकार या विषयांची ओढ होती. त्यांनी पेनफिल्ड यांची योजना पुन्हा उघडली. आणि १९३२ मध्ये, जगभर मंदी, बँका बुडतायत, कारखाने बंद पडतायत अशा वर्षी, रॉकफेलर फाउंडेशनने मॅकगिलला सुमारे १२ लाख ३२ हजार डॉलर मंजूर केले.

आता या रकमेची फोड बघा. खरी गंमत त्यात आहे. सुमारे २ लाख ३२ हजार इमारतीसाठी. आणि उरलेले १० लाख? ते खर्च करायचे नव्हते. ते कायम ठेव म्हणून ठेवायचे आणि त्याच्या व्याजावर संशोधन चालवायचं. समजा पाच टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला पन्नास हजार डॉलर, दर वर्षी, कुणाकडे हात न पसरता. आपल्याकडे जुन्या देवस्थानांना जमीन लावून दिलेली असायची, तिच्या उत्पन्नावर नंदादीप चालायचा, तसं. पुजाऱ्याला दर तीन वर्षांनी "नंदादीप का चालू ठेवावा" असा प्रस्ताव लिहावा लागत नसे.

दुसरी गोष्ट. रॉकफेलरचे पैसे संशोधनाला होते. मग गरीब रुग्णांच्या खाटांचं काय? त्याचा भार क्वेबेक प्रांताच्या सरकारने आणि माँट्रियल शहराने दर वर्षी उचलायचं कबूल केलं. खासगी देणगीदारही होते. म्हणजे उपचाराचा खर्च जनतेच्या तिजोरीतून, शोधाचा खर्च ठेवीतून. दोन खाती वेगळी. माझ्या मते या संस्थेचं अर्धं यश या एका हिशेबात आहे. संशोधनाचे पैसे रुग्णाकडून काढायचे नव्हते, त्यामुळे ऑपरेशन लांबलं, दोन तास जास्त तपासत बसलं, तर बिल वाढण्याची भीती कुणालाच नव्हती.

सप्टेंबर १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. समोरच्या हॉस्पिटलला रस्त्यावरून जाणाऱ्या पुलाने जोडलेली.

या पैशातून काय विकत आलं? मला नेहमी वाटतं की लोकांना इथे मोठं यंत्र अपेक्षित असतं. यंत्र होतं, पण ते साधं होतं. विकत आली ती नोंद. ऑपरेशनच्या वेळी ज्या ज्या जागी विजेने प्रतिसाद मिळाला, तिथे मेंदूवर आकड्याची एक छोटी निर्जंतुक चिठ्ठी ठेवायची. तेरा नंबरला काय झालं? "डाव्या अंगठ्याला मुंग्या." चौदाला? "काही नाही." रुग्ण जे बोलेल ते टिपून घ्यायला माणूस. मग वरून फोटो. कधी कधी मुद्दाम, "आता देतो हं" असं सांगून वीज द्यायचीच नाही, किंवा न सांगता द्यायची, म्हणजे रुग्ण कल्पनेने बोलतोय का ते कळावं. असं एकेका रुग्णाबरोबर, वर्षानुवर्षं.

१९३७ मध्ये पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्रे यांनी अशा १६३ ऑपरेशनांवर निबंध लिहिला. त्यात ते प्रसिद्ध चित्र आलं, मेंदूवर पसरलेला विचित्र माणूस, मोठे ओठ, मोठा अंगठा, बारीकसं धड. चित्र हॉर्टेन्स कँटली यांनी काढलं. ज्या अवयवाचं काम नाजूक त्याला मेंदूत जागा जास्त, हे एका नजरेत कळतं. आज शाळेच्या पुस्तकातही ते असतं. पण तारखा बघा. १९२८ ते १९३७. नऊ वर्षं. पहिल्या तीन वर्षांनंतर कुणी "निष्कर्ष दाखवा, नाहीतर पुढचा हप्ता नाही" म्हटलं असतं तर दाखवायला काय होतं? पन्नास-साठ रुग्णांच्या चिठ्ठ्या.

पुढे हर्बर्ट जॅस्पर आले, मेंदूच्या लहरी टिपणारं ईईजी घेऊन. म्हणजे माझे पूर्वज. पेनफिल्ड यांना सुरुवातीला त्यावर फारसा विश्वास नव्हता, आणि तरी त्यांनी जागा दिली. हेही बिनअटीच्या पैशाचं एक लक्षण. ज्यावर प्रमुखाचाच पूर्ण विश्वास नाही असा माणूस ठेवता येतो. १९५४ मध्ये दोघांचा मोठा ग्रंथ आला. १९५० पासून ब्रेंडा मिल्नर तिथे होत्या, आणि स्मरणशक्तीबद्दल आज आपण जे जाणतो त्याचा पाया त्यांच्या कामात आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तो फार फिरतो. म्हणे पेनफिल्ड यांनी सिद्ध केलं की मेंदूत सगळं आयुष्य टेपसारखं साठवलेलं असतं, विजेचा स्पर्श केला की ते वाजायला लागतं. १९६३ मध्ये त्यांनी आणि फानोर पेरो यांनी सगळा हिशेब मांडला. कानशिलामागच्या भागात तपासलेले रुग्ण ५२०. त्यातल्या फक्त ४० जणांना असं काही जाणवलं, जुनं गाणं, ओळखीचा आवाज, एखादा प्रसंग. शंभरात आठसुद्धा नाहीत. पेनफिल्ड यांना स्वतःला टेपची कल्पना आवडायची, हे खरं. पण त्यांनी आकडे लपवले नाहीत, म्हणून आज आपण त्यांच्याशी असहमत होऊ शकतो.

(प्रेक्षकांतून: "मग श्रीमंताने बिनअटीचे पैसे द्यावे, एवढंच का?")

थांबा, दुसरी बाजू येतेच आहे. पैसा कशासाठी मिळतो यावर शोध कुठे जातो हे ठरतं, आणि ते नेहमी चांगल्या दिशेनेच असं नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला मोठी दंगल झाली. त्याच वर्षी व्हर्नन मार्क, विल्यम स्वीट आणि फ्रँक अर्विन या तीन बॉस्टनच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहिलं. गरिबी, बेकारी ही दंगलीची कारणं आहेत हे त्यांना मान्य होतं. पण त्यांचा प्रश्न होता, सगळे गरीब तर दंगल करत नाहीत, मग जे हिंसा करतात त्यांच्या मेंदूत काही दोष आहे का? मार्क हे मेंदूचे सर्जन. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवून ते विजेने तपासत होते. म्हणजे तंत्र पेनफिल्ड यांच्याच घराण्यातलं. पण आता सरकारला दंगलींची चिंता होती, आणि या संशोधनाला सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेकडून पैसे मिळाले, शिवाय न्यायखात्याच्या एका विभागाकडूनही. न्यायखातं! अपस्माराच्या रुग्णाच्या उपचारात न्यायखात्याचा काय संबंध? १९७० मध्ये त्यांचं हिंसा आणि मेंदू या विषयावरचं पुस्तक आलं आणि मग निषेध सुरू झाले. शहरातल्या काळ्या वस्त्यांचा राग हा आजार ठरवून त्यावर ऑपरेशन करायचं आहे का, असं लोक विचारू लागले. त्या गदारोळाचा परिणाम असा की १९७४ च्या अमेरिकी कायद्याने मानवी प्रयोगांवर जो आयोग नेमला, त्याला मनोविकारांवरच्या मेंदूशस्त्रक्रियेचाही अभ्यास करायला सांगितलं गेलं.

यात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं झालं? फिट्सच्या रुग्णांचं. आधीच समाज त्यांना घाबरतो. आपल्याकडेही फिट आली की नाकाला चप्पल लावा, कांदा लावा, आणि लग्नाच्या वेळी लपवा. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द करण्याचं कारण होतं, ते १९९९ मध्ये जाऊन काढलं गेलं. अशा आजाराला हिंसेशी जोडायचं, तेही सरकारी पैशातून, म्हणजे काय केलं ते तुम्हीच ठरवा.

आणि याच्याही आधीचं एक प्रकरण आहे, ते थोडक्यात. १८७४, सिनसिनाटी. रॉबर्ट्स बार्थोलो नावाच्या डॉक्टरांनी मेरी रॅफर्टी नावाच्या, कवटीला व्रण पडून मेंदू उघडा झालेल्या बाईच्या मेंदूत सुया घालून वीज दिली. नंतर प्रवाह वाढवला, तिला फिट आली. काही दिवसांत ती वारली. तिला त्यातून काहीही फायदा होणार नव्हता. पैसे नसतानाही वाईट प्रयोग होतात, हे सांगायला हे उदाहरण.

आता आजचं बघू. समजा अमेरिकेतली एक तरुण सर्जन आहे, तिला अपस्मारावर संशोधन करायचं आहे. सुरुवातीला ती सरकारी संस्थेकडून, एनआयएचकडून, घडण्याच्या काळातलं अनुदान मागते. त्याची एक अट असते, की कामाचा तीन चतुर्थांश वेळ संशोधनाला द्यायचा. सर्जनना सवलत म्हणून ही अट निम्म्या वेळेपर्यंत खाली आणता येते. का? कारण हात रोज चालला नाही तर सर्जन राहत नाही. आणि दुसरं कारण कुणी छापत नाही ते असं, की सर्जन थिएटरमध्ये नसला की हॉस्पिटलचं उत्पन्न बुडतं. अनुदानातून मिळणारा पगार सर्जनच्या खऱ्या पगारापेक्षा बराच कमी, फरक विभागाने भरायचा. विभागप्रमुख समजूतदार असेल तर भरतो.

पुढे ती मोठ्या अनुदानासाठी अर्ज करते. तज्ज्ञांची समिती एक ते नऊ गुण देते. इथे आपल्या शाळेच्या उलटं आहे, एक म्हणजे उत्तम. सर्वसाधारण अर्जात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं. मग पुन्हा अर्ज. पेनफिल्ड यांची नऊ वर्षं आठवा.

२०१३ मध्ये अध्यक्ष ओबामांनी ब्रेन इनिशिएटिव्ह जाहीर केला आणि मेंदूला वीज देऊन उपचार करण्याच्या संशोधनाला मोठा जोर मिळाला. २०२३ मध्ये त्याचा निधी ६८ कोटी डॉलर होता. २०२४ मध्ये ४० कोटी २० लाख. २०२५ मध्ये ३२ कोटी १० लाख. दोन वर्षांत निम्म्याहून कमी. कुणी रागावून कापला असं नाही. २०१६ च्या एका कायद्याने दहा वर्षांचे जादा पैसे ठरवून दिले होते, त्यांचं वेळापत्रकच असं होतं की २०२३ ला शिखर आणि मग उतार. नेहमीच्या अर्थसंकल्पातून तो खड्डा भरायला हवा होता, तो भरला गेला नाही. पण ज्या प्रयोगशाळेत चार वर्षं रुग्णांच्या मेंदूच्या लहरी गोळा होत आहेत, तिथल्या टेक्निशियनला वेळापत्रक सांगून काय उपयोग? तो दुसरी नोकरी बघतो. माझ्या स्वतःच्या एका अर्जातून, संस्थेचं नाव घेत नाही, मशीनचे पैसे मंजूर झाले आणि टेक्निशियनचा पगार खोडला गेला. मशीन दोन वर्षं प्लास्टिकच्या कव्हरखाली होतं. ते नवंकोरं राहिलं, एवढं मात्र खरं. (हशा)

मग कंपन्या आहेत. मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला वीज देणारं यंत्र १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. फिट सुरू होताना ओळखून तिथल्या तिथे वीज देणारं, कवटीत बसवायचं यंत्र २०१३ मध्ये. मेंदूच्या आत थॅलॅमसला वीज देणाऱ्या यंत्राची ११० रुग्णांवरची चाचणी २०१० मध्ये छापली गेली, आणि अमेरिकेत मान्यता मिळाली २०१८ मध्ये. या चाचण्या महाग असतात आणि त्यात कंपन्यांचा पैसा असतो. त्यात गैर काही नाही. ज्या रुग्णाची बिघडलेली जागा काढताच येत नाही त्याला ही यंत्रं खरोखर उपयोगी आहेत.

पण कंपनी कुठल्या प्रश्नाला पैसे देणार नाही ते बघा. "बिघडलेला भाग कापून काढणं गोळ्यांपेक्षा बरं का?" यात विकायला काहीच नाही. सुरी आधीच असते. आधुनिक पद्धतीने अपस्मारासाठी पहिलं ऑपरेशन लंडनला व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८६ मध्ये केलं. आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करून, गोळ्या विरुद्ध ऑपरेशन अशी पहिली रीतसर तुलना कधी छापली गेली? २००१ मध्ये, कॅनडातून. एकशे पंधरा वर्षांनी! ८० रुग्ण. वर्षाअखेर मोठ्या फिट्सपासून मुक्त: ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के, गोळ्यांच्या गटात ८ टक्के. त्यानंतर अमेरिकेत सरकारी पैशातून एक चाचणी काढली, ऑपरेशन लवकर केलं तर काय होतं हे बघायला. २०० रुग्ण हवे होते. ३८ मिळाले आणि चाचणी बंद करावी लागली. ऑपरेशनच्या १५ जणांपैकी ११ जण फिटमुक्त, गोळ्यांच्या २३ पैकी एकही नाही. निकाल इतका स्पष्ट, आणि तरी चाचणी अपुरी, कारण रुग्ण तिथपर्यंत पोचलेच नाहीत.

आता आपल्या देशाकडे येतो. माँट्रियलचा धागा थेट आपल्याकडे आलेला आहे. डॉक्टर जेकब चांडी हे केरळचे, त्यांनी माँट्रियलला पेनफिल्ड यांच्याकडे शिक्षण घेतलं आणि १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशातला पहिला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. १९५२ मध्ये तिथे अपस्मारासाठी ऑपरेशन झालं. पुढे अनेक वर्षं हे काम जवळजवळ थांबलंच होतं. १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ते पुन्हा पद्धतशीर सुरू झालं. ती केंद्र सरकारची संस्था आहे, म्हणजे डॉक्टरांचा पगार ऑपरेशनच्या संख्येवर अवलंबून नाही.

आणि दिल्लीच्या एम्समध्ये, आयसीएमआर आणि इतरांच्या निधीतून, ११६ मुलांवर चाचणी झाली. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली गेली. वर्षाअखेर फिटमुक्त: ऑपरेशन झालेल्यांत ७७ टक्के, फक्त गोळ्या घेणाऱ्यांत ७ टक्के. अमेरिकेला ३८ वर अडावं लागलं, आपल्याकडे ११६ कसे मिळाले? याचं कारण आनंदाचं नाही. एम्समध्ये ऑपरेशनची रांग इतकी लांब होती, की ज्यांना एरवीही वाट बघावीच लागणार होती, त्यांचाच गोळ्यांचा गट झाला. आपल्याकडच्या रांगेतून जगाला पुरावा मिळाला. त्या गटातल्या मुलांचा एक वर्षाचा काळ मोजला गेला, एवढाच फरक. इतर रांगांमधला काळ कुणी मोजत नाही.

(श्रोत्यांचे प्रश्न)

प्रश्न: चाचणीत रुग्णाला यंत्र बसवलं आणि अनुदान संपलं, तर पुढे बॅटरी कोण बदलतं?

उत्तर: फार चांगला प्रश्न. बॅटरी काही वर्षांनी संपते, बदलायला पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं. अनुदान संपलेलं असतं. विमा कंपनी म्हणते हे अजून प्रायोगिक आहे. कंपनी बुडाली तर सुटे भागही नाहीत. डोळ्याच्या पडद्यात बसवायच्या एका यंत्राबाबत असं झालेलं आहे, कंपनीने हात वर केले आणि रुग्णांच्या डोळ्यांत यंत्र तसंच राहिलं. म्हणून माझं मत असं की अर्जाच्या पहिल्या पानावर हा खर्च लिहिलेला असावा. नसेल तर रुग्णाने सही करायच्या आधी हाच प्रश्न विचारावा, अगदी याच शब्दांत.

प्रश्न: त्या ताईंच्या मुलाचं काय?

उत्तर: त्यांना मी फोन केला. दोन गोळ्या नीट देऊनही फिट्स थांबत नसतील तर वाट बघत बसायचं नाही, अपस्मार शस्त्रक्रिया होते अशा केंद्रात दाखवायचं, हा जगभरचा सल्ला आहे. मुलाच्या फिट्स सुरू होऊन अकरा वर्षं झाली आहेत. एमआरआय आणि व्हिडिओ ईईजीसाठी पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. त्याने विचारलंय की ऑपरेशनमध्ये जागं राहावं लागतं का. मी सांगितलं, प्रत्येकाला नाही, जागा कुठे आहे त्यावर ठरतं. तर म्हणाला, "जागं ठेवलं तर बरं, मला बघायचंय."